पेटंटच्या आधीचा फ्लेक्स

१९ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी धुकं, दहानंतर ऊन. वहीत पाहूनच सांगतो, म्हणजे पदरचं काही नको.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कडेगावच्या स्नेहलने रोपांसाठी उसाचे डोळे काढायचं यंत्र बनवलं. तिला त्यावर कंपनी काढायची होती आणि पैसे घालणाऱ्यांची एकच अट होती, आधी पेटंट. म्हणून प्राचार्यांनी सगळ्यांकडून, चहावाल्या तात्यांकडूनसुद्धा, बाहेर बोलणार नाही असं लिहून घेतलं.

"आवं, मला त्यातलं काय कळतंय?" तात्या म्हणाले.

"न कळता सही करा."

त्या मंगळवारी अर्ज भरायला वकीलबाई आल्या. म्हणाल्या, "यंत्र कुठे प्रसिद्ध झालेलं नाही ना? तसं असेल तर पेटंट विसरा."

"छे," प्राचार्य म्हणाले. "फक्त अभिनंदनाचा फ्लेक्स लावलाय. उंब्रजला, हायवेवर."

"त्यावर काय आहे?"

"मुलीचा फोटो, तिचा नंबर, माझा फोटो. मग जागा उरली, म्हणून यंत्राचं ड्रॉइंग. मापांसकट."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात स्नेहलचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला. उंब्रजचा वेल्डिंगवाला बोलत होता.

"ताई, यंत्र लय भारी हाय. मी बनवायला घेतलंय. फकस्त पात्याचं माप सायबांच्या फोटोखाली गेलंय. तेवढं सांगा की."

स्नेहलने माप सांगितलं नाही. पेटंटचा अर्ज झाला नाही. वेल्डिंगवाल्याने पात्याचं माप अंदाजाने धरलं आणि संक्रांतीच्या आधी उंब्रजात त्याचं पहिलं यंत्र विकलं गेलं.