सभागृहातील खुर्च्या आणि माझी हरकत

नाव : ओळखपत्र पाहून खात्री केली आहे, सगळे मला वेतवाली म्हणतात. वय : चोपन्न वर्षे. धंदा : वेताच्या खुर्च्यांच्या बैठका विणणे. राहणार : नगर कार्यालयामागची गल्ली, खाली कारखाना, वर घर.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझ्या नणंदेसोबत राहते. माझे यजमान हयात नाहीत. नणंदेने लग्न केले नाही, आणि का केले नाही असे कोणी विचारले तर घाई कसली आहे, असे ती विचारते. ती एकोणसाठ वर्षांची आहे. आम्ही दोघी मिळून हा धंदा करतो. ती वेत भिजवते आणि सोलते, मी विणते. दुसरे उत्पन्न नाही. हा कारखाना बंद झाला तर या वयात आम्हाला कोणी कामाला ठेवणार नाही, हे आम्हा दोघींना पक्के माहीत आहे. म्हणून त्यावर आम्ही घरात बोलत नाही.

नगर कार्यालयाच्या सभागृहातील खुर्च्या चोरल्याची तक्रार माझ्यावर झाली आहे, ती मला वाचून दाखवली. खुर्च्या मी नेल्या हे खरे आहे. चोरल्या हे खोटे आहे. मधल्या गोष्टी समजल्याशिवाय यातला फरक समजणार नाही, म्हणून त्या सांगते. हवालदार साहेब म्हणाले, थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगितल्यामुळेच मी इथे बसले आहे.

आमच्या गल्लीचे नियम बदलायचे नियोजन समितीने ठरवले. आजपर्यंत आमच्याकडे खाली धंदा आणि वर घर चालत असे. आता गल्ली निव्वळ राहण्यासाठी ठेवायची, असा मसुदा आला. ज्या धंदेवाल्याने सुनावणीत समक्ष हरकत घेतली, त्याचा धंदा जुना म्हणून राहू द्यायचा. ज्याने घेतली नाही, त्याने वर्षअखेर गाशा गुंडाळायचा. गाशा हा शब्द माझा आहे, नोटिशीत ‘वापर थांबवावा’ असे होते. ही नोटीस कार्यालयाच्या दाराजवळ भिंतीवर चिकटवली होती. दार उघडले की ती दाराच्या मागे जाते. कार्यालयाच्या वेळात दार उघडेच असते. आमच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याने दार दुरुस्त करायला म्हणून ओढले तेव्हा त्याला ती दिसली, नाहीतर आम्हाला कळलेही नसते.

माझ्या घराच्या भिंतीला लागून असलेली जागा समितीच्या अध्यक्षांच्या मेव्हण्याने अलीकडेच घेतली आहे. तिथे इमारत होणार असे ऐकते. मेव्हणे एकदा येऊन आमच्या टाक्यातल्या ओल्या वेताचा वास घेऊन गेले. नाकाला रुमाल लावून त्यांनी विचारले, “हे रोजचंच का हो?” नणंद म्हणाली, “नाही, तुम्ही येणार म्हणून मुद्दाम भिजवलंय.” तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. हवालदार साहेबांचे म्हणणे पडले की शंका जबाबात लिहिता येत नाही. मी त्यांना म्हटले, शंका खरी आहे असे लिहू नका, शंका आहे एवढे लिहा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नगर कार्यालयाकडून निरोप आला की सभागृहातल्या सगळ्या खुर्च्यांच्या बैठका नव्याने विणायच्या आहेत, सुनावणीच्या दिवशी येऊन बघून जा. त्या खुर्च्या कित्येक वर्षे फाटक्या होत्या. सदस्य त्यावर जाड पुठ्ठे टाकून बसत. इतकी वर्षे ज्यांना काही टोचले नाही, त्यांना नेमके सुनावणीच्याच दिवशी कसे टोचले, असे मी नणंदेला म्हटले. ती म्हणाली, “वहिनी, काम आलंय ते घे. सगळीकडे पाणी मुरतंय असं म्हणत बसलीस तर टाक्यात काय भरायचं?” मी तिचे ऐकले. तिचे ऐकल्याचे मला वाईट वाटत नाही, पण मी तिचे ऐकले हे लिहावे.

सुनावणीच्या दिवशी मी अकराच्या सुमारास सभागृहात गेले. आधी कुलूपवाल्याला बोलावले. त्याने हरकत घेतली, ती कारकुनाने लिहून घेतली. मग मला बोलावले. मी बोलायला तोंड उघडणार तोच अध्यक्ष हसून म्हणाले, “या वेतवाल्या बाई. तुमचं काम आधी. ही माझी खुर्ची बघा, बुडाला पार गेलीय. आजच्या दिवस हिच्यावरच बसलो तर काही हरकत?” मी वाकून बैठक दाबून पाहिली. कडेची वीण अजून धरून होती. मी म्हटले, “नाही, काही हरकत नाही. फक्त मधोमध बसू नका.” सगळे हसले. मीही हसले. अध्यक्ष म्हणाले, “ठीक, पुढचे कोण?”

मला वाटले, हे खुर्चीचे झाले, गल्लीचे नंतर बोलावतील. मी मागे बाकावर जाऊन बसले. एकेक जण येऊन गेला. शेवटी सगळे उठले. मी कारकुनाला विचारले, माझे कधी? तो कागद आवरत म्हणाला, “तुमचं झालं की. सगळ्यांसमोर बोललात.” तो हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याला खूप वर्षे ओळखते. एरवी तो बघून बोलतो.

पुढच्या बैठकीत सुनावणीचा अहवाल वाचला गेला. त्यात असे होते : वेतकाम करणाऱ्या बाई समक्ष हजर, विचारणा केली असता काही हरकत नसल्याचे त्यांनी सांगितले. मी जागेवरून उठून म्हटले की ते मी खुर्चीबद्दल बोलले होते. अध्यक्षांनी शांतपणे विचारले, “बाई, हरकत नाही, हे शब्द तुमचे नाहीत का?” मी म्हटले, माझेच आहेत. ते म्हणाले, “मग झालं तर. समितीसमोर बोललेला शब्द आम्ही जसाच्या तसा धरतो. उद्या प्रत्येक जण म्हणायला लागला, मी सहज बोललो, तर कारभार कसा चालायचा?” सदस्य माना डोलावत होते. शेवटची मंजुरी पुढच्या सोमवारी ठरली. खुर्च्यांचे काम मात्र त्यांनी रद्द केले नाही, जमेल तेव्हा घेऊन जा म्हणाले. माझ्या तोंडाला पाने पुसण्याचा तो प्रकार होता असे मला वाटते.

अध्यक्षांनी हे ठरवून केले की त्यांना ते ऐन वेळी सुचले, हे मला माहीत नाही. आधी मी रात्रंदिवस तेच उकरत होते. कारकून सामील होता का, खुर्च्यांचा निरोप त्यासाठीच होता का, हसणारे का हसले. कुलूपवाल्याचीही मला शंका आली, कारण त्याची हरकत नीट लिहिली गेली. मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. त्याने काही केले नव्हते. संशयाने माणूस वाईट होतो, ते मी त्या दिवसांत झाले. घरी मी हे नणंदेला सांगितले. तिने टाक्यातला वेत बाहेर काढला, पाणी सोडून दिले आणि टाके कोरडे पुसले. ते टाके मी सासरी आल्यापासून कधी कोरडे पाहिले नव्हते. मला तेव्हा रडू आले. हवालदार साहेबांनी हे वाक्य गाळू का विचारले. गाळू नये.

ठरल्या सोमवारी सकाळी मी आणि नणंद हातगाडी घेऊन नगर कार्यालयात गेलो. दाराशी शिपाई स्टुलावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. सभागृहाची किल्ली त्यांच्याकडेच असते. मी म्हटले, “खुर्च्या न्यायच्यात विणायला, सगळ्या. हरकत नाही ना?” ते वर न बघता म्हणाले, “हरकत नाही.” नणंद म्हणाली, “दादा, मला जरा कमी ऐकू येतं, काय म्हणालात?” नणंदेला दोन घरांपलीकडचे भांडण शब्दासकट ऐकू येते. शिपाई मोठ्याने म्हणाले, “अहो, न्या की, काही हरकत नाही!” समोरच्या चहावाल्याने ते ऐकले आहे, त्याला विचारावे. शिपायांनी स्वतः दार उघडून दिले आणि जिन्यावरून खुर्च्या उतरवायला हात लावला. आम्ही सगळ्या खुर्च्या नेल्या. शिपायांचे स्टूल नेले नाही.

शिपाई भले गृहस्थ आहेत. त्यांच्यावर काही येऊ नये असे माझे म्हणणे आहे. माझ्याशी जे झाले तेच मी त्यांच्याशी केले, हे मला कळते. जिन्यात त्यांनी विचारले होते, “वहिनी, पाठ दुखत असेल तर राहू दे, मी नेतो.” तेव्हा माझी मान खाली गेली होती.

दुपारी मंजुरीची बैठक होती. सदस्य आले आणि मोकळ्या सभागृहात उभे राहिले, असे ऐकते. त्यातल्या बहुतेकांचे गुडघे माझ्यापेक्षा जुने आहेत. थोडा वेळ भिंतीला टेकून त्यांनी बैठक पुढे ढकलली. संध्याकाळी पोलीस आमच्याकडे आले. तोवर मी सगळ्या बैठका कापून काढल्या होत्या आणि टाक्यात वेत भिजत होता. जमादारांनी एक चौकट उचलून तिच्यातून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, यातला मुद्देमाल कोणता? मी म्हटले, चौकटी त्यांच्या, भोके त्यांची, वेत माझा.

आज ठाण्यात अध्यक्ष हजर आहेत. परवानगी कोणी दिली, असे हवालदार साहेबांनी मला त्यांच्यासमोर विचारले. मी म्हटले, कार्यालयाच्या माणसाने, हरकत नाही म्हणून, दोनदा. त्यावर अध्यक्ष माझ्यावर ओरडले, “अहो, तो सवयीनं बोलला! हरकत नाही, हे माणूस दिवसातून शंभरदा उगाच म्हणतो. त्या दिवशी बैठक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. त्याला काय संमती म्हणतात का?”

मी हवालदार साहेबांना म्हटले, हे लिहून घ्या. अध्यक्ष घाईने म्हणाले, ते मी सहज बोललो, लिहायची गरज नाही. हवालदार साहेबांनी पेन थांबवले. मी म्हटले, हा माझा जबाब आहे, माझ्यासमोर जे बोलले गेले ते त्यात येते. माझा हवालदार साहेबांवरही विश्वास नव्हता, हे सांगते, कारण अध्यक्ष आले तेव्हा साहेबांनी उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली होती. पण त्यांनी अध्यक्षांचे बोलणे शब्दशः लिहिले. मी ते तीनदा वाचून घेतले. तिन्ही वेळा तेच होते.

मला आणखी एवढेच सांगायचे आहे की खुर्च्या मी विणून परत देणार आहे. वीण घट्ट देईन. कामात मी खोट करत नाही.

येणेप्रमाणे मी सांगितले तसे लिहिले गेले. ते मला सावकाश वाचून दाखवले, ते खरे आहे. वाचून झाल्यावर हवालदार साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “करा सही. हरकत नाही ना?” मी काही बोलले नाही. साहेबांनी जीभ चावली. मी पेन मागून घेतले.

(यापुढील ओळ जबाब देणारीने, अध्यक्षांच्या समक्ष, स्वतःच्या हाताने लिहिली आहे. — हवालदार)

आमच्या गल्लीचा नियम बदलायला माझी हरकत आहे.