काळा गंज

आत्या : उघडून काय मिळणार आहे तुला, टकळे? बुडालेल्या बोटीची मोटार आहे. आत पाणी निघेल.

टकळी : पाणी रविवारीच काढलं ना आपण, वर गंजू नये म्हणून तेलही ओतलं. आज बुधवार. मला पाणी नकोच आहे, आत्या, मला पिस्टनचा रॉड बघायचाय.

आत्या : शाळा नाही का आज?

टकळी : अर्धी झाली. उरलेली अर्धी मी माफ केली. ऐक ना. तूच शिकवलंयस, चालू मोटार पाण्यात गेली की पाणी आत ओढते. पाणी काही दबत नाही. पिस्टन त्यावर आपटतो नि रॉड वाकतो. बरोबर?

आत्या : बरोबर.

टकळी : आणि आधीच बंद पडलेली बुडाली, तर रॉड सरळ राहतो.

आत्या : राहतो.

टकळी : मग झालं तर. तीन दिवस घसा फोडून सांगतेय, मोटार आधी बंद पडली, पाण्याच्या ऐन धारेत. मग बोट आडवी झाली, लाट आली नि छोटी नि मी, दोघी पाण्यात. बाबा म्हणतात, मोटार आपोआप बंद पडत नसते, हिनेच मिजाशीत पळवली नि उलटवली. धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाले.

आत्या : तापला होता गं दादा. दोन्ही पोरी लोकांनी पाण्यातून ओढून काढलेल्या, बापाचा जीव तो.

टकळी : तापले रविवारी. आज सकाळी काय झालं होतं? छोटीला शांतपणे सांगत होते, ताईबरोबर कुठे जायचं नाही, तिने तुला बुडवलंच होतं. छोटी आता माझ्या शेजारी जेवायला बसत नाही, आत्या. माझ्या पाठीला चिकटलेली असायची ती. आता मी हात पुढे केला की आईच्या मागे जाते. बोट नको मला. बोट ठेवू देत बाबा. मला माझी छोटी परत पाहिजे.

आत्या : प्लग काढ. दोन्ही.

टकळी : तू गिऱ्हाईकाशी हुज्जत घालत होतीस तेव्हाच काढले.

आत्या : आणि ही विणायची सुई कशाला?

टकळी : आईची आहे, तिला सांगू नकोस. प्लगच्या वरच्या भोकातून आत सोडते, मोटारीच्या डोक्यावरचं चाक हाताने फिरवते, पिस्टन पार वर आला की सुईवर खूण. मग खालच्या भोकात तसंच. वाकलेला रॉड आखूड पडतो, पिस्टन तेवढा वर येत नाही. दोन्ही खुणा एका जागी आल्या तर दोन्ही रॉड सरळ.

आत्या : हे मी नाही शिकवलेलं.

टकळी : थोडं डोकं आमच्याकडेही आहे. फिरवते हं. आला, आला, वर आला... ही पहिली. आता खालचा. अडखळतंय गं चाक, एकाच जागी. जोर लावते. हं. बघ आता. एका रेषेत आहेत की नाही?

आत्या : आहेत.

टकळी : तोंडाने बोल. रॉड सरळ आहे की नाही?

आत्या : सरळ आहे. बुडताना मोटार बंद होती. तुझं खरं.

टकळी : हुश्श. तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं बाई.

आत्या : झालं तर मग. मी सांगेन दादाला. सुई पूस नि झाकण लाव वर.

टकळी : झाकण कसं लावू? बाबा म्हणतील, बंद होती ना, मग तूच काहीतरी करून बंद पाडलीस. चाक अडखळतंय, रॉड तर सरळ आहे. मग अडतंय कुठे? बेअरिंग असणार. त्याची पेटी उघडू.

आत्या : राहू दे, टकळे.

टकळी : चार बोल्टांचं तर काम आहे. तो पाना दे.

(आत्या पाना देत नाही. टकळी तिच्या हाताखालून तो ओढून घेते.)

टकळी : हे बोल्ट आधी कुणीतरी खोललेत, डोकी घासलीत त्यांची. हं, निघाली. अगं बाई. आत्या, हे बघ. वरचा तांबूस गंज बोटाने पुसला जातोय. तो रविवारचा. पण त्याच्याखाली काळा आहे. खड्डे पडलेत, नख अडकतंय. आणि बेअरिंगचा हा रोलर तर तुटलाच आहे.

आत्या : हं.

टकळी : हं काय? तीन दिवसांत, तेल ओतल्यावर, असे खड्डे पडतात का?

आत्या : नाही पडत. महिने लागतात.

टकळी : म्हणजे ही आधी एकदा बुडाली होती. आणि कुणीतरी उघडून, बघून, परत बंद केली. कडेची फट बुजवायला लावलेली ही खळ... हिचा थर बोटाने फिरवलाय, कोपऱ्यात शेपूट सोडलंय. असं शेपूट कोण सोडतं, आत्या?

आत्या : मी.

टकळी : माहितीये मला.

आत्या : गेल्या वर्षी दोर तुटून बोट बुडाली धक्क्यालाच. तुम्ही आजोळी होतात. दादाने मोटार वर काढली नि अंगणात वाळत ठेवली, चार दिवस. कपडे वाळवतात तशी. अगदी पाण्यात राहिली असती तरी परवडली असती; ओल्या लोखंडाला हवा लागली की संपलं. मग माझ्याकडे आणली. मी हेच खड्डे दाखवले त्याला. म्हटलं, बेअरिंग बदल, ही कधीही मधेच अडकून बंद पडेल. तो म्हणाला, एक हंगाम ढकलू. मीच चालवणार, काठाकाठाने. पोरींच्या हातात देणार नाही. म्हणून मी पेटी बंद करून दिली.

टकळी : रविवारी मी विचारलं होतं त्यांना. धारेपर्यंत नेऊ का म्हणून. पाहुण्यांशी गप्पा चालल्या होत्या. म्हणाले, ने. आणि छोटीलाही ने, घरात कटकट करते.

आत्या : हे तो बोलला नाही मला.

टकळी : तू तरी काय बोललीस? तीन दिवस मी तुझ्यासमोर रडतेय. तुला माहीत होतं.

आत्या : मला वाटलं, तो स्वतःहून सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. धाकटी बहीण आहे गं मी त्याची. सगळ्यांपुढे त्याचं तोंड कसं खाली करू?

टकळी : माझं केलंच की त्यांनी.

आत्या : येते मी संध्याकाळी. छोटीला जवळ घेऊन सांगते नीट, ताईचं काही चुकलं नव्हतं म्हणून.

टकळी : नको. ती विचारेल, मग आत्या, तू आधी का नाही बोललीस. काय सांगशील?

(आत्या पेटीचं झाकण उचलून परत जागेवर बसवू लागते.)

टकळी : बाबा पाचला येणार आहेत ना मोटार न्यायला? पेटी अशीच उघडी राहू दे. मी छोटीला घेऊन येते. माझ्याबरोबर नाही यायची, आईला हात धरायला लावते.

आत्या : आठ वर्षांच्या पोरीला बेअरिंग काय कळणार?

टकळी : मी काही बोलणारच नाहीये. ती दिसेल त्याला बोट लावते नि विचारते, हे काळं काय आहे, हे असं कशाने झालं. समोर बाबा असतील.