सुनेचं नाव घाला!

मंडळी, ऐका! आज देवाला नाही, तुम्हाला विचारतो. तुमची वाचा गेली, डोळे मिटले, आणि समोर डॉक्टर उभा — "आता काय करू?" तुमच्या वतीनं बोलायचा हक्क कुणाचा? रक्ताच्या माणसाचा, की शब्द पाळणाऱ्याचा? माना कशाला खाली घालता? मरण काय फक्त शेजाऱ्याला येतं?

तर एक होत्या वत्सलाताई घोरपडे. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स. नळ्यांनी जखडलेली, "घरी न्या" म्हणून डोळ्यांनी विनवणारी माणसं बघितली आणि निवृत्त होताच संस्था काढली. काम एकच — धडधाकट असतानाच माणसाला विचारायचं, शेवटी काय हवं, काय नको. ते लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही, वर नोटरीचा शिक्का. लोक काय म्हणाले? "यमाची एजंट आली!" दारं लावली! लग्नपत्रिका घेऊन आली असती तर चहा पाजला असता की! पण बाई हटली नाही. सात वर्षांत नऊशे घरं केली!

त्यातलं एक रावजी कुंभारांचं. वय ब्याऐंशी. "लिहा — मशीन नको, नळी नको. अंगणात, माझ्या चाकाशेजारी मरू द्या."

"आणि तुमच्या वतीनं बोलणार कोण? मुलाचं नाव घालू?"

"पांडूचं? तो रडत बसंल! सुनेचं घाला, कौसल्येचं."

पांडू चपापला. वत्सलाताईंचं पेन थांबलं. "सुनेचं?"

"शुगर झाल्यापासून अकरा वर्षं चहात साखर मागतोय. शिव्या दिल्या, उपास केला, कप फेकला — नाही म्हणजे नाही! जीव लावते आणि मला भीत नाही, अशी घरात ही एकच!"

आतून आवाज — "मामंजी, एक नाही, चार कप!"

हसता? हसा. पुढं हसू येणार नाही.

वर्षभरात रावजींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मोठं हॉस्पिटल, श्वासाचं मशीन. डॉक्टरांच्या दोन पथकांनी तपासलं — माणूस परत येत नाही. आणि पाहुण्यांची ही जत्रा! पाच वर्षांत ज्यांनी म्हाताऱ्याला "जेवलास का" विचारलं नाही, ते छाती बडवतायत — "काहीही करा, वाचवा!" रावजींची बहीण, हौसाआत्या, किंचाळली — "सुनेनं जीव घ्यायचा का आता?" पांडू रडत, कागद घेऊन आलेल्या वत्सलाताईंवर धावला — "बाई, तुम्हीच घात केलात!"

वत्सलाताईंच्या ओठांवर शंभर उत्तरं आली. सगळी गिळली! संस्थेचा नियम त्यांनीच केलेला — आपण विचारायचं, ठरवायचं नाही. नजर कौसल्येकडं वळली. ही पोरगी मोडली, तर म्हाताऱ्याचा शब्द मेला!

कौसल्या उठली. पदर खोचला. "डॉक्टर, मामंजींना मशीन नको होतं. त्यांना घरी न्यायचंय." मग आत्याकडं वळली — "ते राहावेत असं मला नाही वाटत? पण मला काय वाटतं ते इथं सांगायचंच नाही. त्यांनी सांगितलं, तेवढंच बोलतेय."

मंडळी, पांडूनं डोळे पुसले आणि गाडी बघायला धावला!

दुपारी अंगणात, चाकाशेजारी खाट पडली. त्रास होऊ नये म्हणून सोबत आलेल्या डॉक्टरांनी औषध दिलं, श्वासाची नळी काढली. मोकळ्या तोंडात पांडूनं पाण्याचे दोन थेंब सोडले. नळी असती तर कुठं सोडले असते, सांगा! थोड्या वेळानं रावजी गेले — शांत, लेकाच्या मांडीवर. वत्सलाताई दाराशी उभ्या होत्या, डोळ्यांत पाणी आणि मान ताठ! नऊशे घरांचं चीज झालं होतं.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या दारात कोण? हौसाआत्या!

"बाई, माझंबी लिहा."

"लिहू की. मुलाचं नाव घालू?"

"नको नको! भाचसुनेचं घाला. कौसल्येचं!"

मंडळी, आज जेवायला बसाल तेव्हा घरातलं एकेक तोंड नीट बघा. कुणावर शब्द टाकता येईल? बोट दाखवाल, माहीत आहे मला! पण त्याच पंगतीत तुम्हीही बसलेले असाल ना? मग सांगा — तुमचं नाव कोण लिहील?