किसनच्या गाडीचे लायनर

मी मूळचा देवगाव रंगारीचा. घरी कोरडवाहू शेती, बापाला वाटायचं पोरानं औत धरावं, पन माझं ध्यान तिथं कधी लागलंच नाय, रस्त्यानं फटफटी गेली की मी ताटावरून उठून पळायचो. शेवटी चुलत्यानं धरून शहरात आनलं आन् औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत उस्तादाच्या हाताखाली बसवलं. उस्ताद लई कडक मानूस, काम चुकलं की पान्हा फेकून मारायचा, पन जीव लावायचा. त्याचा एक कायदा व्हता, लांबच्या रस्त्याची गाडी दारात आली की हातातलं काम खाली ठेवायचं आन् आधी ती बघायची. बबन, मुसाफिर को बिठाके रखना नइं, म्हनायचा, उसका घर अभी दूर है. पुढं मी क्रांती चौकाजवळ माझं स्वतःचं दुकान टाकलं तरी तो कायदा मोडला नाय. कुठली कुठली मानसं आली, इंदूरची, हैदराबादची, एकजन तर बायकोला मागं बसवून थेट राजस्थानातून आल्ता. सगळ्यांना मी वाटंला लावलं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, तोंड वाकडं करू नका. घाईच्या टायमाला सामान मिळालं नाय तर दुकानात उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीतलं काढून लावायचं, आन् बाजारातून नवं आनलं की त्या गाडीला परत बसवायचं. मालकाला पत्ता लागत नाय. सगळेच करतात, मीबी करायचो. फक्त ज्या गाडीतलं काढलं तिच्या हँडलला लाल चिंधी बांधायची, म्हंजे ती कुनी हलवू नये. आमच्या ओळखीची मानसं खिळ्यावरची चावी आपली आपन घेऊन जायची ना, म्हनून चिंधी.

किसन माझ्याच गावचा, एका वर्गात बसलेलो आमी. तो विजेच्या खांबावर चढायचा, लाइनमन. वर चढला की तिथूनच हाका मारून गप्पा हानायचा, असा मानूस. त्या दिवशी पाडवा व्हता. सकाळी गाडी लावली, मागचा ब्रेक लागत नाय म्हनला, आन् बहिनीकडं जेवायला गेला. मी ब्रेकचे लायनर बघितले तर पार झिजलेले. दुकानात त्याच्या गाडीचा एकच नवा जोड शिल्लक व्हता, तो टाकला, चावी खिळ्याला अडकवली. काम चोख झालं.

आन् तेवढ्यात तो मुसाफिर आला. इंदूरहून कन्याकुमारीला निघालेला. गाडी किसनच्याच मॉडेलची, आन् लायनर संपून लोखंडाला लोखंड घासत व्हतं. त्याच्याकडं एक वही व्हती. वाटंत ज्यानं ज्यानं गाडी दुरुस्त केली त्याचा फोटो तो तिच्यात लावायचा, खाली नाव, गाव. मी ती वही चाळत बसलो. मग म्हनलं आज पाडवा हाय, सामानाची दुकानं बंद, उद्या व्हईल. तर तो काय म्हनला माहितीये का, कोई बात नहीं भाई, कल सही, मुझे कौन सी जल्दी है. तो थांबायला तयार व्हता हो. घाई मलाच झाल्ती. मी मनात उस्तादाचं नाव पुढं केलं, खरं तर मला त्या वहीत जायचं व्हतं, दुसरं काय नाय.

मी किसनच्या गाडीचे नवे लायनर काढले आन् मुसाफिराच्या गाडीला टाकले. किसनच्या गाडीत त्याचे जुनेच परत बसवले, नुसतं चाक उभं राहावं म्हनून. चिंधी घ्यायला हात वर केला तर तो म्हनला आओ भाई, फोटो. मी हात पुसून, केस नीट करून उभा राहिलो. चिंधी राहिली. मग त्याला बीडचा रस्ता दाखवायला लांबपर्यंत सोबत गेलो.

परत आलो तर किसनची गाडी नाय. शेजारचा पानवाला म्हनला, किसन आत्ताच गेला, पाच मिनिटं झाली नसतील. काय सांगू तुम्हाला, माझी गाडी चालूच व्हती हो. दौलताबादच्या आत गाठला असता त्याला. पन गाठून सांगायचं काय, तुझं काढून दुसऱ्याला घातलं म्हनून? मी म्हनलं जुन्या लायनरवर सकाळी आला ना, तसा घरी जाईल. डबा उघडला, बायकोनं पुरनपोळ्या दिल्त्या. दोन खाल्ल्या मी.

तिकडं वेरूळच्या उतारावर किसनला शेळ्या आडव्या आल्या. ब्रेक धरला नाय. गाडी पायावर पडली, गुडघ्याचा चुरा झाला. खांबावर चढनं संपलं ते संपलं. ऑफिसात स्टुलावर बसवलं, लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायला. गाडी माझ्याकडंच आली, मी गपचूप नवे लायनर टाकले, झालं, कुनाला कळायचं कारनच नाय उरलं. पुढं टपालानं त्या मुसाफिरानं काढलेला माझा फोटो आला. बायकोलाबी दाखवला नाय मी.

पन ऐका, किसन काय म्हनतो. त्याला भेटायला गेलो तर बिछान्यावरून माझा हात धरून म्हनला, बबन्या, शेळ्या बघून मीच घाबरलो रे, तू नवे लायनर टाकले म्हनून जीव तरी वाचला, नायतर दरीतच गेलो असतो. लग्नात, मौतीला, जिथं भेटंल तिथं चार मानसांत हेच सांगतो. वीस-बावीस वर्षं ऐकतोय मी हे. मान खाली घालून ऐकतोय. नीच मानूस हाय मी, दुसरा शब्द नाय.

आता त्याची पोरगी नर्स झाली, खुलताबादला नोकरी लागली. देवगावहून रोज जाऊन येऊन करनार, म्हंजे रोज तोच उतार. काल किसन तिची गाडी घेऊन तिच्यासंगं आला आन् म्हनला, ब्रेक तुझ्याच हातचे पायजेत, दुसऱ्यावर भरवसा नाय. मी खोलले, नवे टाकले, तीनदा चालवून बघितली. ब्रेकमध्ये कायबी खोट नाय. सकाळी पोरगी आली, काका, चावी द्या म्हनली, आन् माझा हात पुढंच व्हईना. तिला म्हनलं, बापाला बोलव, त्याच्याच हातात देईन. तिनं फोन लावला.

म्हनून तुम्हाला हे लिहायला बसवून घेतलंय मी. माझी जीभ अडकली तर तुमी हे लिहिलेलं त्याला वाचून दाखवा, एक शब्द कमी करू नका. ती बघा रिक्षा थांबली. तो पाय त्याला हातानं उचलून बाहेर ठेवावा लागतो, वेळ लागंल. सरका जरा, त्याला बसायला जागा करा.