चारशे अकरावा फोल्डर

...आणि वर ऑफिसातली कॉम्प्युटरवाली मलाच म्हणते, "काका, फोल्डरची नावं बदला!" नावं बदला म्हणे! अहो, तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं बातमीदारी केली, मंत्री डोळे वटारून बसला तरी एक शब्द बदलला नाही, आणि आता एका यंत्राला झेपत नाही म्हणून बदलू? तीही आमच्या फोटोग्राफरने दिलेली नावं?

फोटोग्राफर गेला हो, मार्चमध्ये. जन्मात कधी एक ओळ लिहिली नाही पठ्ठ्याने! लिहायचा ते फक्त फोल्डरचं नाव. 'पूर & पुढारी (पाय कोरडे!)'. 'आयुक्त हसले!!' अख्खी बातमी असायची त्यात! आणि त्याचं ते जुनं कॉम्प्युटर पाच वाजता भंगारात जाणार होतं. त्याआधी सगळे फोटो नव्या मशीनवर न्यायचे.

आमची कॉम्प्युटरवाली हुशार, वादच नाही. तिने प्रोग्राम लावला, बारा मिनिटांत म्हणाली, "झालं, काका!" बघतो तर काय... उद्घाटन_१, उद्घाटन_२, सत्कार_७! सरळ नावांची सभ्य मंडळी तेवढी पोचलेली. पूर नाही, आग नाही, मोर्चा नाही!

"काका, दोन प्रोग्राम आहेत, दोघांची भाषा वेगळी. पहिला दुसऱ्याला हुकूम सांगतो. मधे ते & आलं की दुसऱ्याला वाटतं, एक हुकूम संपला, आता नवा सुरू. मग तो 'पुढारी' नावाचा प्रोग्राम चालवायला जातो."

"तो कुणाला चालवता आलाय?" मी म्हटलं.

हसली नाही. घड्याळात पावणेचार. "नावं बदलू या ना, काका."

नावं बदला म्हणे! फिरलंच माझं डोकं. म्हटलं, बाई गं, माझी बातमी उपसंपादक वाचतो, कापतो, पुढे देतो, पुढचा आणखी कापतो! तुझे हे दोघे त्याच जातीचे! अगं, पाकीट बंद करून दे ना! मधल्याने वाचायचंच कशाला?

ती थबकली. "म्हणजे... नाव हुकमात मिसळायचंच नाही. वेगळं, अख्खं, जसंच्या तसं हातात द्यायचं..." आणि खटाखट टाइप करायला लागली. साडेचारला पूर आला! आग आली! आयुक्त हसले!!

चारशे अकरापैकी चारशे दहा. एक अडला.

"काका, नव्या मशीनला नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. पाकिटात घातलं तरी. हे एक मात्र..."

"म्हणू नकोस!"

स्क्रीनवर नाव होतं, 'हा कधी गप्प बसणार?'

उघडलं. दोनशे बारा फोटो. सगळे माझे! पत्रकार परिषदेत मी, पोलीस चौकीत मी, ऑफिसच्या जिन्यात संपादकावर बोट रोखून मी... आणि तोंड? एकाही फोटोत मिटलेलं नाही हो! कधी काढले मेल्याने?

पाचाला पाच मिनिटं कमी. बदललं नाव. मीच, माझ्या हाताने पुसलं ते प्रश्नचिन्ह. ती म्हणाली, "काका...?" आणि तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा गप्प बसलो होतो मी... आणि फोटो काढायला तो नव्हता!