ठमीच्या मातीवरचा दगड

ऐका राजेहो. शेकोटीजवळ सरका, पन मधात कोनी बोललं तं मी गोष्ट सोडून निजतो.

उरकुडा बेलदार. गोटे फोडनारा मानूस. बायको आधीच गेलती, आन आता पाच वर्साची ठमी तापानं गेली. लहान लेकरू, पुरलं. पहिली रात तो मातीवर बसून राह्यला. पहाटे डोळा लागला, तं कोल्ह्यानं माती उकरली. मातीवर जड दगड ठेवाले पायजे. नवा दगड फोडाले दोन दिवस लागते. म्हनून मातीवर बाभळीचे काटे टाकले, आन दिवे लागल्यावर पहार घेऊन टेकडीची वाट धरली. तिथं जुन्या लोकायनं मेलेल्यासाठी बांधलेलं दगडाचं घर. तीन बाजूनं उभे गोटे, वर हत्तीएवढी शिळा. समोरच्या तोंडावरची दगडाची झाकनी तेवढी आनतो म्हने. मेलेल्याचं दार काढाले निघाला!

अर्ध्या वाटेत आवाज. हैस्सा... हैस्सा... थांबला. पुढं गेला, तं आवाजही जवळ आला. वर पाह्यते तं घरच नाही! उभे गोटे मातीत दडलेले, मातीचाच उतार केलेला, आन गोल लाकडावरून मानसं वरची शिळा चढवून राह्यले, जसं घर आजच बांधून राह्यले. चांदनं होतं, पन कोनाले सावली नाही. दोराची एक जागा रिकामी होती. बेलदाराचा खांदा तो, दगड अडला की राह्यते काय? लावला हात.

शिळा बसली. मंग खालची माती उपसाची. तोच आत शिरला. उपसता उपसता घर पोकळ झालं, आन कोपऱ्यात एक लेकरू निजलेलं. मागं झाकनी सरकली. सारा अंधार.

भाईरून बाई बोलली, "माही पोरगी एकटी भेते. तू राह्य तिच्यापाशी."

पहार लावली, ते वाकली. वरडला, आवाज भाईर जाईना. मंग रडला गा तो. कमरेले खोचलेला ठमीचा वाळा काढून त्या लेकराच्या पायात घातला.

"माय," म्हने, "माहीबी एकटीच हाय. तिच्या मातीवर दगड नाही."

झाकनी हातभर सरकली. सरपटत निंगाला, पळत सुटला. ठमीपाशी येऊन पाह्यते तं मातीवर तेच झाकनी. चार मानसायले हालनार नाही अशी. त्या मायनं आपल्या पोरीचं दार देल्लं.

मंग रोज तिन्हीसांजेले उरकुडा टेकडीवर जाये, त्या घराच्या उघड्या तोंडाशी बसून राहे. मरेपर्यंत बसला. आता तिथं कोनी नाही, आन हैस्सा पुन्हा आयकू येते. त्या वाटेनं जाऊ नका, बापाहो. त्या पोरीले सोबत पायजे.