होडीवालीच्या नावाचं शहर

मुलगी : या फलकात एक चूक काढून दाखवा, बाबा. एकच. नोकरी सोडून देते.

बाबा : सोडायला आधी कायम तर हो.

मुलगी : उद्या दहाला महापौर याच्यावरचा पडदा ओढणार, आणि लगेच माझी कायमची ऑर्डर. साहेब स्वतः म्हणाले. म्हणून तर पूल ओलांडून तुम्हाला इथवर आणलं. वाचा ना!

पाथरवट : काका, जरा सरका, धूळ झाडतो. हां. सहा दिवस खपतोय. अक्षर बघा, मोती!

बाबा : 'आपल्या शहराला हे नाव मिळाले ते एका होडीवालीमुळे. महापुरात तिने सर्वांना नदीपार आणले. ज्या तीरावर उतरवले, त्याला लोकांनी तिचे नाव दिले...' अरे, इथे बसायला काही आहे का?

पाथरवट : त्या सिंहावर बसा. गिऱ्हाईक न्यायलाच आलं नाही.

मुलगी : भरून आलं ना? वाटलंच मला! लहानपणापासून तुमच्याच तोंडून ऐकलेली गोष्ट...

बाबा : माझ्याच तोंडून. तिथेच तर घोळ आहे. अगं, ती मी रचलीय.

पाथरवट : आई गं! काही नाही, काही नाही. छिन्नी पडली पायावर. बोला तुम्ही.

बाबा : गाइड म्हणून माझं पहिलंच वर्ष. नदीकाठी बस बंद पडली. चाळीस प्रवासी, डोक्यावर ऊन, प्यायला पाण्याचा थेंब नाही. खिडकीतल्या एका जाड्या गृहस्थानं विचारलं, शहराला हे नाव का पडलं? मला काय माहीत! समोर नदी होती, नदीत होडी होती. दिलं ठोकून.

मुलगी : पण तिचं ते बोलणं? 'गप बसा, नाहीतर पोहत जा'? तेही कोरून घेतलंय मी!

बाबा : आपल्या घरी कोण म्हणतं, 'गप जेवा, नाहीतर उपाशी उठा'?

मुलगी : ही... ही आई आहे?

बाबा : तेवढ्या घाईत दुसरी बाई कुठून आणू?

मुलगी : थांबा, थांबा. मी काही तुमच्या एकट्याच्या भरवशावर नाही लिहिलं. पुरावे जोडलेत. ग्रंथालयातलं पुस्तक आहे, पान त्र्याहत्तर.

बाबा : लेखक जाडा आहे का?

मुलगी : मागे फोटो आहे... हो.

बाबा : तोच. खिडकीतला.

मुलगी : आणि त्या नव्वदीच्या आजी? त्या तर शपथेवर सांगतात, माझ्या आजीनं सांगितलंय म्हणून.

बाबा : त्यांचा नातू आमचा ड्रायव्हर. दर रविवारी त्यांना बसमधून फिरवायचा. दुसऱ्या रांगेत घोरायच्या. झोपेत कानावर पडलं असणार, आपली आजीच सांगतेय असं वाटलं असेल बिचारीला.

मुलगी : मी लिहून दिलंय, बाबा. 'स्वतः पडताळून पाहिले.' खाली माझी सही. फलकावरची शहराची तीन टोपणनावं तरी खरी आहेत का? 'नद्यांची राणी'?

बाबा : नदी एकच आहे. ते साबणवाल्याच्या कॅलेंडरवर होतं.

मुलगी : 'हसरं शहर'?

बाबा : पालिकेनं स्वतःच स्वतःला दिलं. त्या वर्षी नळाला तीन महिने पाणी नव्हतं.

मुलगी : आणि 'विसाव्याचं शहर'?

पाथरवट : ते खरंय, ताई. ड्रायव्हर लोकांनी दिलंय. म्हणजे ते 'बंद पडलीचं शहर' म्हणतात. पुलाच्या चढाला भल्याभल्यांच्या गाड्या मान टाकतात. तुम्ही ते जरा नटवलंत.

मुलगी : संपलं. सगळं संपलं.

पाथरवट : पण काका, मग नाव खरं पडलं कसं?

बाबा : दहा वर्षांनी दप्तरखान्यात एका मोजणीदाराची जुनी रोजनिशी सापडली. गावोगावच्या नावांचे दगड गाडीत घालून रोवत फिरायचा. नदीपाशी आला आणि गाडीचा आस मोडला. दगड पलीकडच्या तीरावर न्यायचा होता. म्हणाला, आता कोण मरतंय, आणि तिथेच रोवला. त्याच्याभोवती शहर वाढलं.

पाथरवट : पलीकडच्या म्हणजे?

बाबा : म्हणजे इथे. दगड तुझ्या गावाचा होता.

पाथरवट : आमचा? अहो, आमच्या गावाला नावच नाही! सगळे 'पलीकडचं गाव' म्हणतात. माझ्या दाखल्यावर जन्मस्थळ 'पलीकडे' लिहिलंय. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, कशाच्या?

मुलगी : इतकी वर्षं का नाही सांगितलंत, बाबा?

बाबा : एकदा सांगितलं बसमध्ये. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मोडलेल्या आसाला कोण टाळ्या वाजवतं? दुसऱ्या दिवशी पुन्हा होडीवाली काढली. एक म्हातारी माझा हात धरून रडली. तिच्याबरोबर मीही रडलो. पुढेपुढे मलाच खरी वाटायला लागली गं. ऊठ, तुझ्या साहेबांकडे जाऊ. लबाडी माझी, मी सांगतो.

मुलगी : लबाडी तुमची, पण सही माझी. सहा वर्षं हंगामी आहे मी. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवतात आणि पुन्हा नवीन म्हणून घेतात. कपाटाची किल्लीसुद्धा देत नाहीत. दादा, यातलं काही पुसता येईल?

पाथरवट : दगडाला रबर नसतं, ताई. पण खाली चार बोटं जागा उरलीय. महापौरांच्या पदव्या लवकर संपल्या.

मुलगी : चार बोटांत काय मावणार?

पाथरवट : 'असे म्हणतात.'

बाबा : वा! यात तर काही खोटं नाही. म्हणतातच.

मुलगी : कोण म्हणतं, असं साहेबांनी विचारलं तर?

बाबा : पान त्र्याहत्तर दाखव.

मुलगी : कोरा तर मग, दादा. पण पालिकेचा ट्रक आता येईल...

पाथरवट : परत पाठवा. अक्षरं घाईनं होत नाहीत. सकाळी माझ्या टेम्पोतून आणतो. पूल ओलांडला की पोचलो.

बाबा : मी बसतो बरोबर, सांभाळून आणायला. आणि तुझ्या आईला यातलं अवाक्षर नको.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, साडेदहाला. फोनवर.)

पाथरवट : ताई, मघाशी सांगितलं तेच. पुलाच्या तोंडाशी टेम्पोचा एक्सल तुटला. फलक उतरवून घ्यावा म्हटलं, तर घसरला आणि उभाच रुतला चिखलात. आमच्याच तीरावर. दहा माणसं लावली, हलत नाही.

मुलगी : कळलं हो. साहेबांनी महापौरांना सांगितलंय, कार्यक्रम मुद्दामच पलीकडे ठेवलाय म्हणून. आम्ही सगळे निघालोय, आईसुद्धा. पडदा ओढला की तिथल्या तिथे ऑर्डर देणार आहेत. बाबा कुठेत?

पाथरवट : फलकापाशी. अख्खं गाव जमलंय, त्यांना गोष्ट सांगतायत.

मुलगी : होडीवालीची?

पाथरवट : आसाची. टाळ्या थांबत नाहीयेत.

मुलगी : खरंच?

पाथरवट : हे ऐका... आल्या ना ऐकू? तुम्ही पोचा लवकर.

मुलगी : पोचतो. महापौरांची गाडी पुलाच्या चढावर बंद पडलीय.

पाथरवट : मग आता?

मुलगी : आई त्यांना म्हणाली, ढकला, नाहीतर चालत जा. ढकलतायत.